धुळबाचं तूप

डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती, आणि वाडीत एक भोळा गवळी राहत होता. नाव धुळबा. घरात एक गाय, एक म्हैस आणि बायको ठकू. पैकी ठकू सध्या माहेरी होती, रुसून. एक काम धड करून दाखवा, मगच येते, असं तिनं बजावलं होतं. तिच्यावाचून धुळबाला घर खायला उठलं होतं.

ऐन थंडीत तो सासुरवाडीला म्हशीचं तूप घेऊन गेला. पंगत बसली, सासूबाईंनी बरणी उपडी केली, तूप काही हलेना. पंगत कोरडीच उठली. सासूबाई म्हणाल्या, तूप थिजलं की चुलीच्या उबेला ठेवावं, सुटतं. धुळबानं आठवणीसाठी पटक्याच्या टोकाला गाठ मारली.

वैशाखात त्यानं गाईचं तूप न्यायचं ठरवलं. गाठ पाहिली. पेटत्या शेगडीवर बरणी ठेवली, शेगडी डोक्यावर घेतली आणि भर उन्हात निघाला. पोचला तेव्हा तूप करपून काळं झालं होतं. पटकाही थोडा जळला होता, गाठ तेवढी वाचली.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, गाईचं तूप नुसत्या उन्हानं पातळ हुतं. पाझरायला लागलं की वल्या फडक्यात गुंडाळावं, गार पाण्यात बसवावं."

धुळबानं दुसऱ्या टोकाला गाठ मारली.

पुढच्या खेपेला त्यानं तसंच केलं. वाटेत ओढा दिसला की बरणी बुडवायची. तूप छान रवाळ पोचलं. सासूबाई बघतच राहिल्या. ठकूनं बोटावर घेऊन चाखलं आणि मुकाट्यानं बोचकं बांधलं. धुळबाला आनंदानं रडू आलं.

दोघं परत निघाली. नदीपाशी येईतो ठकूच्या कपाळावरून घाम पाझरायला लागला.

धुळबानं गाठ पाहिली. आता चूक होऊन चालणार नव्हतं. त्यानं पटका सोडून भिजवला, ठकू काही म्हणेपर्यंत तिला नखशिखांत गुंडाळलं आणि अलगद काठच्या गार पाण्यात बसवलं.

ठकूनं त्याच्याकडे पाहिलं. बोलली नाही, हलली नाही.

धुळबा घाबरला. थिजली! तेवढ्यात पटक्याचं दुसरं टोक दिसलं, त्याला पहिली गाठ होती. त्याला हायसं वाटलं. त्यानं काटक्या गोळा केल्या, तीन दगडांची चूल मांडली, फुंकून फुंकून जाळ केला. वळून पाहतो तर ठकू ओल्या पटक्यासकट माहेरच्या वाटेला लागलेली.

जळतं लाकूड घेऊन धुळबा मागं धावला.

"ठकू, थांब गं. म्हशीचं तूप बी इतक्या लवकर सुटत न्हाई."