सत्तर खोल्यांची सराई

तीन रात्री गोजराच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तशी ती एरवीही फारशी झोपायची नाही. लेकीचं अंग गरम तर नाही ना, आमटीत मीठ दोनदा तर पडलं नाही ना, अशा किरकोळ काळज्या तिला रोज पुरायच्या. पण या वेळची काळजी थेट राजवाड्यातून आली होती!

केतकगडच्या मकरंदराजांनी घाटाच्या तोंडाशी सत्तर खोल्यांची सराई बांधली. दगडी पायऱ्या, पितळी समया, दारात भालेवाला पहारेकरी. काय नव्हतं तिथे? वाटसरू नव्हते! घाट चढून आलेला जो तो विचारायचा, "गोजराबाईंचं घर कुठंय?" नवरा बैलांचा तांडा घेऊन कोकणात गेलेला. वाटसरूंना पडवी भाड्याने देऊन गोजरा चूल पेटती ठेवायची. तिचं बघून सगळ्या गावाने आपापल्या पडव्या झाडून ठेवल्या होत्या.

राजांनी तिला बोलावून घेतलं.

"आमच्या सराईत काय कमी आहे?"

"काहीच नाही, महाराज," गोजरा चाचरत म्हणाली. "पहारेकरी फक्त सात पिढ्यांची नावं विचारतो, पहाटे घंटा बडवून सगळ्यांना एकदमच उठवतात आणि पुन्हा भात हवा असेल तर अर्ज करावा लागतो. बाकी स्वर्ग आहे!"

"आणि तुझ्याकडे?"

"माझ्याकडे शेळी पागोटं खाते, सासूबाई पाहुण्याला अजून लग्न का केलं नाही ते विचारतात आणि माझी ठमी मध्यरात्री भोकाड पसरते. भात मात्र मागावा लागत नाही."

प्रधानांना हसू फुटलं आणि तिथेच घात झाला!

"आठ दिवसांत सराई भरून दाखव!" राजे गरजले. "एकालाही ओढून आणायचं नाही. एकालाही फुकट ठेवायचं नाही. नाही जमलं, तर या गावात कुणीही घरी वाटसरू ठेवायचा नाही!"

आपण तोंड मिटून गप्प का राहिलो नाही, याचा हिशेब गोजरा तीन दिवस लावत बसली. चौथ्या दिवशी सकाळी ओटीवरून हाक आली. दिवाळीच्या फराळाला आलेले काकासासरे! शिमगा उलटला तरी फराळ चालूच होता.

"सूनबाई, पाणी कोमट आहे. सूनबाई, उशी टणक आहे. सूनबाई, तुझी पोर फार बोलते!"

गोजरा हातात तांब्या घेऊन जागीच थबकली.

"काका, सराईत म्हणे तक्रारी ऐकायला पगारी माणूस ठेवलाय."

काका ताठ बसले. "दिवसभर ऐकतो?"

"दिवसभर. उलटून बोलत नाही. वर मुजरा..."

मुजरा शब्द पुरता बाहेर पडायच्या आत काका बोचकं बांधायला लागले होते!

मग गोजरा दारोदार फिरली. प्रत्येक दारात आवाज खाली आणून एकच प्रश्न, "तुमच्याकडे कोण आहे?" प्रत्येक घरात कुणी ना कुणी होतंच. कुणाची आत्या, कुणाचा साडू, कुणाच्या साडूचा साडू.

आठव्या दिवशी राजे सराईत आले. पाहतात तो जत्राच! खोल्याखोल्यांतून हाका चालल्या होत्या. दारात एक आत्याबाई पहारेकऱ्याकडूनच त्याच्या सात पिढ्या वदवून घेत होत्या आणि तो पाचवीपाशी अडखळून घामाघूम झाला होता.

"अगं, हे कसले वाटसरू?" राजे कडाडले. "हे तर गावकऱ्यांचे पाहुणे!"

"परगावाहून आलेत, खाटेवर लोळतात, पोटभर जेवून नावं ठेवतात. वाटसरू आणखी वेगळं काय करतो, महाराज?"

"आणि यांचं भाडं?"

"ज्यांची घरं मोकळी झाली ते भरतात. न मागता! त्या जागेत आता खरे वाटसरू उतरलेत."

राजांनी प्रधानांना खोल्या मोजायला लावल्या.

"एकोणसत्तर! एक रिकामी आहे! हरलीस, गोजरा!"

यावरचं उत्तर गोजराने सकाळपासून वीस वेळा घोकलं होतं आणि वीसही वेळा ते तिला आगाऊपणाचं वाटलं होतं. तिने डोळे मिटले आणि बोलून टाकलं.

"ती सगळ्यांत हवेशीर खोली मी मुद्दाम राखून ठेवलीय, महाराज. राणीसाहेबांचे बंधू चार दिवसांसाठी वाड्यावर आले होते ना... गेल्याच्या गेल्या पाडव्याला?"

राजांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. राणीसाहेब जवळपास नाहीत याची नीट खात्री केली. आणि मग असे हसले, असे हसले की मुकुट एका कानावर आला!

"प्रधानजी! मेव्हण्यांचं सामान आजच हलवा! आणि अगदी मानाने हलवा, नाहीतर रुसून परत येतील!"

गोजराला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि ज्याला हवा त्याने खुशाल घरी वाटसरू ठेवावा, असं मोहोरबंद फर्मान गावाला मिळालं. डोळे पुसत राजे आईचा पदर धरून उभ्या असलेल्या ठमीपुढे वाकले.

"मग ठमाबाई, आता आम्हीच तुमच्या घरी मुक्कामाला येतो. चालेल ना?"

गोजराचा हात लेकीच्या तोंडाकडे झेपावला, पण उशीर झाला होता.

"या की!" ठमी म्हणाली. "पण जाणार कधी?"