कुंभाराची रिकामी मूठ

फार पूर्वीची गोष्ट. एका रानालगतच्या गावात एक म्हातारा कुंभार राहत होता. हात सोन्याचा, पण मन भारी संशयी. मीठ घेतलं तरी तीनदा चाखायचा. शेजाऱ्याने “बरं आहे ना?” विचारलं, तर दिवसभर घोकायचा, ‘याने आजच का विचारलं?’

त्याचा मुलगा दूरदेशी मडकी विकायला गेलेला. घरी तो आणि सून येसू, दोघंच. एकदा माहेराहून परतताना येसूने तांबड्या रंगाचं कुत्र्याचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं तांबू.

येसू त्याला शिकवू लागली. भाकरीचे नखाएवढे तुकडे करायची आणि म्हणायची, “बस.” तांबू बसला की लगेच तुकडा. “ये,” म्हटल्यावर धावत आला की पुन्हा तुकडा, आणि पाठीवरून हात. महिनाभरात पिल्लू एका हाकेत अंगणाच्या टोकावरून येऊ लागलं.

कुंभार चाक फिरवता फिरवता तिरक्या डोळ्याने बघायचा.

“सूनबाई, हे कुत्रं तुझं नाही, भाकरीचं आहे. उद्या चोराने दोन तुकडे टाकले, की जाईल त्याच्यामागे.”

“मामंजी, शिकेपर्यंत भाकरी लागते. एकदा शिकला की हाक पुरते.”

“बघू,” कुंभार म्हणाला. आणि त्याने खरंच बघायचं ठरवलं.

येसू नदीवर गेली की तो मूठ वळायचा, पुढे करायचा आणि हाक मारायचा, “तांबू, ये!” तांबू धावत यायचा, समोर बसायचा, शेपूट हलवायचा. कुंभार मूठ उघडायचा. आत काहीच नसायचं. पिल्लू रिकामा तळवा हुंगायचं, वर बघायचं आणि कान पाडून परत जायचं.

“पडलं ना तोंड!” कुंभार पुटपुटायचा. “भाकरीचाच सोबती!”

एकदा त्याने एका वाटसरूकडून तांबूपुढे मटणाचा तुकडा टाकवला. तांबूने तो खाल्ला, वाटसरू पुढे चालू लागला आणि तांबू माघारी येऊन उंबऱ्यापाशी बसला. तरी कुंभाराचं समाधान झालं नाही. ‘आज आला, उद्याचं काय सांगावं?’ रिकाम्या मुठीचा खेळ त्याने चालूच ठेवला.

हळूहळू तांबू रेंगाळत येऊ लागला. मग अर्ध्या वाटेत थांबू लागला. शेवटी जागचा हलेना. येसूने हाक मारली मात्र, की धूम धावत यायचा.

आता कुंभाराला नवाच संशय आला. “सूनबाई, तूच त्याला माझ्यावर उलटवलंस.”

“मी कशाला उलटवीन, मामंजी?” येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंभाराला त्या पाण्याचाही संशय आला.

पावसाळा सरल्यावर एके दिवशी कुंभार माती आणायला खाणीवर गेला. येसू बाजाराला गेली होती, म्हणून तांबूही मागे मागे आला आणि उंच दरडीखाली सावलीत पसरला. कुंभार समोर उभा राहून घमेलं भरत होता. इतक्यात वरून चार ढेकळं घरंगळली. त्याने मान वर केली. दरडीला हातभर रुंद चीर पडली होती.

“तांबू! ये! लवकर ये!” हात पुढे करून तो ओरडला.

तांबूने डोकं उचललं. त्या हाताकडे पाहिलं. आणि पुन्हा पायांवर डोकं ठेवून पडून राहिला.

“अरे, ये रे बाबा! आज फसवत नाही!”

दरड कोसळली.

कुंभाराने दोन्ही हातांनी माती उपसली. बोटं सोलली, नखं तुटली. तांबू जिवंत निघाला, पण मागचा पाय चिरडला होता. त्याला उचलून म्हातारा “हाका मारल्या, पण आला नाही” म्हणत रडत घरी आला.

येसूने पाय बांधला. मग हळूच विचारलं, “मामंजी, हाकेसरशी येणारं जनावर ते. आज का नाही आलं?”

कुंभाराने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. नदी, मूठ, वाटसरू, सगळं.

येसूने तांबूच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “तुम्ही त्याची परीक्षा घेत होतात, मामंजी. आणि तो तुम्हाला ओळखायला शिकत होता.”

त्या दिवसापासून कुंभार रोज सकाळी तळहातावर भाकरी घेऊन तांबूपुढे बसू लागला. तांबू लंगडत यायचा, पण हातभर अंतरावर थांबायचा. भाकरी जमिनीवर ठेवून म्हातारा मागे सरला, तरच खायचा. त्याच्या हातातून त्याने पुढे कधीच खाल्लं नाही.

तात्पर्य : विश्वास पारखण्यासाठी केलेली फसवणूक ही फसवणूकच असते.