तांबट आळीची पालथी काहील

जुन्या पेठेत शिरलात की आधी पितळी घंट्यांचं दुकान लागतं, मग उदबत्तीचं, मग ज्याच्यापाशी कायम कुणीतरी भांडत असतं तो पाण्याचा नळ. तिथून डावीकडे वळलं की तांबट आळी. वळणावरच एक तांब्याची भलीमोठी काहील पालथी घातलेली दिसेल. नवखा माणूस तिला चबुतरा समजून वर टेकायला जातो आणि आळीतल्या चार बायका एकदम ओरडतात. तिच्या काठाजवळ तळहाताएवढा एक पोचा आहे. येताजाता माणसं त्या पोच्यावर हात ठेवतात. हातांनी घासून तेवढाच भाग लखलखीत राहिलाय, बाकीची काहील काळी पडली आहे.

दुपारी जेवणाआधी, समोरच्या उंबराची सावली काहिलीला टेकली की आळीतला तांब्यावरचा हातोड्याचा ठोका थांबतो. तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढाच वेळ. पण थांबतो म्हणजे थांबतो. रिक्षावाला इंजिन बंद करतो, मोबाइलच्या दुकानातलं गाणं गप्प होतं, नळावरचं भांडण शब्दाच्या मधोमध अडतं. आळीत सगळ्यात नवीन आलेली सून दारात उभी राहून हात वर करते. ती हात खाली घेईपर्यंत कुणी हातोडा उचलत नाही. तिथले लोक याला ‘कान देणं’ म्हणतात.

असं का, ते सुभद्राकाकूंना विचारावं. त्या काहिलीशेजारी पाट टाकून बसलेल्या असतात. आता त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे प्रश्न ओरडून विचारावा लागतो. उत्तर मात्र त्या अगदी शांतपणे देतात.

फार मागची गोष्ट, संस्थानाच्या काळातली. तेव्हा आळीत घरागणिक भट्टी होती, आणि ठोका असा चालायचा की शेजारी बसलेल्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागे. तांबटाच्या पोराला बोलण्याआधी खुणा यायच्या म्हणे. म्हातारपणी तर सगळेच बहिरे. त्यात कुणाला वाईट वाटत नसे, उलट कानाने धड असलेला म्हातारा तांबट म्हणजे कामचुकार, असं चक्क म्हणत.

अशा आळीत सगुणा सून म्हणून आली. माहेर नदीकाठच्या गावातलं, जिथे पलीकडच्या तीरावरचा माणूस खोकला तरी ऐकू येतो. पहिले काही दिवस ती कानांत कापसाचे बोळे घालून भाकऱ्या थापायची. बायका हसायच्या. सासरा नारोबा आळीचा मुख्य, अबोल आणि करारी. सासू नव्हती. नवरा म्हादू स्वभावाने गरीब, बायकोला कुणी हसलं की स्वतःच ओशाळा होणारा.

त्या वर्षी तापाची साथ आली. म्हादू आजारी पडला आणि बघता बघता हाताबाहेर गेला. नारोबाने कालिकेपुढे पदर पसरावा तसं उपरणं पसरलं आणि नवस केला: पोरगा उठू दे, महाप्रसादाला काहील घडवून देईन. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एका दिवसात घडवीन, आणि मध्ये ठोका तुटू देणार नाही. ठोका तुटला तर नवस तुटला.

म्हादू उठला. अंगात त्राण नव्हतं, पण ओसरीवर उन्हात बसायला लागला. मग नवस फेडायचा दिवस ठरला. एवढं काम एका घराचं नव्हे, सगळी आळी लागली. नारोबाचा ठोका पुढे आणि त्याच्या तालावर बाकीचे, अशी रीत. जेवायलासुद्धा एकेकाने उठायचं, ताल चालूच. सगुणेने त्या दिवशी कानांत कापूस घातला नाही. नवऱ्याच्या जिवाचा ठोका, तो ऐकलाच पाहिजे, असं तिला वाटलं असावं.

आणि म्हणूनच तिला ती हाक ऐकू आली.

ठोक्याच्या आत कुठेतरी, दोन घावांमधल्या फटीत, बारीकशी. आधी तिला भास वाटला. पुन्हा आली. ती परसात गेली, बोळात गेली, तर भिंतीभिंतींवरून ठोकाच चहूकडून अंगावर येई आणि हाक कुठच्या कुठे जाई. दारात परत आली की पुन्हा तो धागा लागे. कुणीतरी हाका मारत होतं, आणि दर खेपेला आवाज थोडा खाली जात होता.

तिने म्हादूला सांगितलं. तो कान देऊन बसला, मग मान हलवून मोठ्याने म्हणाला, “ठोक्यात असं कायबाय वाटतं गं नव्या माणसाला. सवय होईल.”

ती नारोबापुढे जाऊन उभी राहिली. खुणा तिला अजून धड येत नव्हत्या. कानाला हात लावला, बाहेर बोट दाखवलं, हातोड्याकडे पाहून हात जोडले. नारोबाला सगळं कळलं. हात न थांबवता तो ओरडला, “सूनबाई, ठोका तुटायचा नाही. तुझ्याच कुंकवासाठी चाललंय हे!”

सगुणा मागे सरली.  ती मागे सरली हे सुभद्राकाकू मुद्दाम सांगतात, कारण ही गोष्ट सांगताना कीर्तनकार हे गाळतात. ती चुलीपाशी गेली, म्हादूची पेज उतरवून ठेवली, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.  ठोका तुटून त्याला काही झालं असतं तर आळीने तिचं तोंड पाहिलं नसतं, तिने स्वतःही आरशात पाहिलं नसतं. तेवढ्यात हाक पुन्हा आली, आणि या वेळी अर्ध्यावरच राहिली.

सगुणा उठली, सरळ चालत गेली आणि नारोबाचा हातोडा वर असताना तिने काहिलीच्या काठावर आपला तळहात ठेवला.

नारोबाने हातोडा वळवला. पुरता वळला नाही. तिची दोन बोटं चेचली आणि घाव वाकडा बसून तांब्याला पोचा पडला. तिथे असलेल्या प्रत्येकाने पाहिलं की पोरीचा चेहरा पांढराफटक झाला, ओठ दाताखाली गेला, पण ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर तिचाच आवाज ऐकू आला असता.

नारोबाचा हात थांबला. मग शेजारचा, मग पलीकडचा. आळीचा ठोका तुटला. कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला. त्या शांततेत आधी उंबरावरचे कावळे ऐकू आले, चुलीवरचं आधण ऐकू आलं, आणि मग परसामागच्या कोरड्या आडातून, घसा बसलेल्या आवाजात:

“नारोबाऽऽ...”

भागू होती ती. तांबं उजळायला चिंच लागते, ती पाटीतून घरोघर देणारी म्हातारी. जवळची वाट धरायला गेली आणि आडाच्या ढासळल्या काठावरून पाटीसकट आत पडली. पाय मोडलेला. दोर सोडून तिला वर काढलं, पाणी पाजलं. आळी भोवती गोळा झाली तेव्हा ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “सकाळधरनं एकेकाचं नाव घिऊन हाका मारतीया. कुनीच ओ दीना. म्या म्हनलं, माझं काय चुकलं? समदे मिळून रुसले का काय माझ्यावर?”

 तिने खरोखरच प्रत्येकाचं नाव घेतलं होतं. ज्यांना ती आपली माणसं समजत होती, त्यांनी दिवसभर घाव घालून तिचा आवाज बुडवला होता, आणि तेही पुण्य समजून.

नारोबा तसाच देवळात गेला. देवीपुढे काय बोलला ते कुणी ऐकलं नाही, पण येऊन त्याने आळीला सांगितलं, “ज्या ठोक्यात माणसाची हाक बुडती, तो देवीला नको. आजपासनं रोज ठोका तोडायचा आन् कान द्यायचा. आमचे कान गेलेत. नवी सून सांगंल तसं.” म्हादूला परत ताप आला नाही असं आळी सांगते. आला होता पण दोन दिवसांत उतरला, असंही काहीजण म्हणतात. म्हातारा होईस्तोवर जगला, एवढं खरं.

नारोबाने तो पोचा ठोकून काढायचा यत्न केला. दिवसा काढावा, सकाळी पुन्हा होताच, असं सांगतात. शेवटी ती काहील आळीच्या तोंडाशी पालथी घातली आणि देवळाला दुसरी दिली. सगुणेची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. तिची भाकरी एका बाजूला जाड व्हायची आणि म्हादू तीच बाजू आधी खायचा.

भागू म्हणजे साक्षात कालिकाच, परीक्षा पाहायला आली होती, असं देवळातले लोक सांगतात. सुभद्राकाकूंना ते पटत नाही. “देवी असती तर ऐकण्यात काय मोठंसं?” त्या म्हणतात. “चिंचवाली होती म्हणून तर.”

आता आळीत एकच भट्टी उरली आहे. परवा एका पाहुण्याने काकूंना ओरडून विचारलं, “एका हातोड्याला कशाला थांबायचं? आणि एवढ्या वर्षांत कुणी हाक मारली का?”

“मारली नाही कशावरून?” काकू म्हणाल्या. “ऐकली नाही म्हणा.”

तेवढ्यात सावली टेकली. काकूंनी तळहात पोच्यावर ठेवला. ठोका थांबलेला त्यांना तांब्यातून कळतो. पूनम नावाची नवी सून दारात आली, तिने हात वर केला, आणि भाकरी उलटून, करपून जाईल इतका वेळ झाला तरी तो खाली येईना. आळी खोळंबली. रिक्षावाला खाली उतरला. पूनमने दुसऱ्या हाताने गटाराच्या फरशीकडे बोट दाखवलं. त्याने आणखी एकाला घेऊन फरशी उचलली, तर खाली मांजराचं भिजलेलं पिल्लू.

कुणी हसलं नाही. रिक्षावाल्याने ते सीटवरच्या फडक्यात गुंडाळलं, पूनमच्या हातात दिलं, तेव्हा कुठे तिचा वर केलेला हात खाली आला. आजही तांबट आळीचा ठोका नव्या सुनेचा हात खाली आल्यावरच सुरू होतो.