दोन वाचनालयांचे फळे

विषय: गावातील दोन वाचनालयांनी आपापल्या फळ्यावर किती वेळा लिहिले आणि त्यांना वाचक किती, याची तुलना.
संदर्भ: रिकामी चावडी एका वाचनालयास देण्याबाबत आलेले दोन अर्ज.

हल्ली संस्थांचे फळे मोबाइलात असतात. ही गोष्ट खडूच्या काळातली. तेव्हा बातमी ओल्या फडक्याने पुसली जाई आणि ती वाचायला माणसे सायकलवरून खाली उतरत.

अशाच एका गावात वरच्या आळीत दत्तोपंत हुपरीकर आणि खालच्या आळीत केरोबा नाईकनवरे एकेक वाचनालय चालवत. दत्तोपंत दिवसातून नऊ वेळा फळा लिहीत. सुविचार, अभिनंदन, आभार आणि आभारांबद्दल आभार. केरोबा महिन्यातून दोनदा लिहीत. नवे पुस्तक आले किंवा कुणाचा चष्मा सापडला तर. पुस्तके मात्र दोघांचीही गळक्या खोलीत भिजत, म्हणून चावडी दोघांनाही हवी होती.

तालुक्याच्या कचेरीने ठरवले, की ज्याचे लेखन जास्त त्याचे वाचक जास्त, आणि चावडी त्याची. आठवडाभर मोजणीला एक कारकून आला. त्याच्या तक्त्यात वाचकांसाठी रकानाच नव्हता.

"केरोबा, रोज चार ओळी खरडा की. खडूला काय तोटा?" कारकून म्हणाला.

"खडूला नाही हो. पण रोज उगाच हाका मारल्या, तर खऱ्या हाकेला कोण वळेल?"

मोजणीच्या शेवटच्या दिवशी सकाळी वेशीजवळच्या विहिरीत मेलेले कुत्रे सापडले. दत्तोपंतांना आधी कळले. त्यांनी लगेच मोठ्या अक्षरांत लिहिले, 'विहिरीचे पाणी पिऊ नका.' तासाभराने त्यांच्याच आळीतल्या चंद्राक्का त्यांच्यासमोरूनच भरली घागर घेऊन निघाल्या.

"अहो अक्का, फळा नाही वाचलात?"

"तुमचा होय? म्हटलं, सुविचार असेल," म्हणत त्या घागरीसह पुढे गेल्याही.

चावडी दत्तोपंतांच्या पदरात पडल्यातच जमा होती. आता तोंड उघडले तर ती जाणार, हे त्यांना कळत होते. तरी ते चपला न घालताच खालच्या आळीत गेले. कारकून तिथेच वही घेऊन बसला होता.

"केरोबा, तुम्ही लिहा. माझं कुणी वाचत नाही."

केरोबांनी फळा पुसून तीच ओळ लिहिली. घटकाभरात तिथे गर्दी झाली. चंद्राक्कांनी घागर उकिरड्यावर ओतली. दुपारी विहिरीवर कुणी फिरकले नाही.

दत्तोपंतांनी आपला अर्ज मागे घेतला आणि केरोबांच्या अर्जावर शिफारशीची सही केली. कचेरीने विचारले, 'आठवड्यात लेखन फक्त एक. खुलासा करावा.' केरोबांनी खुलासा पाठवला, 'लिहिण्याजोगे एकच घडले.'

तात्पर्य: रोज फळा भरल्याने वाचक मिळत नाहीत, कामाचे तेवढेच लिहिणाऱ्यापाशी ते आपणहून थांबतात. गावाला हे एका सकाळीत कळले. अर्ज कचेरीत अद्याप विचाराधीन आहे.