कड्यातली मोकळी वाट

आकाशाकडे बघायला पृथ्वीवर कुणी नव्हतं तेव्हाची गोष्ट. शनीच्या कड्यात बर्फाच्या असंख्य गारा एकमेकींना खेटून फिरत होत्या. त्या दाटीत एक अरुंद पट्टा मात्र कायम रिकामा असे.

"आपण इथे चेंगरतोय आणि ही जागा ओस पडलीय," काठावरची एक धीट गार कुरकुरली. "मी चालले तिकडे राहायला."

"जाऊ नकोस गं, कुठल्या कुठे भिरकावली जाशील," शेजारची म्हातारी गार म्हणाली. "ती कुणाची तरी वाट आहे."

"कुणाची? मला तर कुणीच दिसत नाही."

बोलता बोलता तिला जाणवलं, आपण वर उचलले जातोय. सगळा काठच उचलला जात होता.

पट्ट्यातून एक चंद्र आला. लहानसा, राखाडी, वेडावाकडा. तो कुणाशी बोलला नाही, कुणाला शिवलाही नाही. नुसता पुढे गेला, आणि त्याच्या मागे लाखो गारांची डोंगराएवढी लाट उठली. तिची सावली कड्यावर दूरवर पसरली.

लाट हळूहळू निवली. धीट गार काठावरून जरा मागे सरकली.

मग ती मागच्या गारांना म्हणाली, "जरा सरकून घ्या गं. तो परत येईल."