यार्देनेच्या पायऱ्या

एकदा एक जोडपे पाणी पाहायला परदेशी गेले. ऐकणाऱ्याला हसू येईल, कारण त्यांचे गाव प्रवरेच्या काठी होते आणि पाणी अगदी दारात होते. परंतु शांतवन मास्तर आणि दीनाबाई यांना पाहायचे होते ते शास्त्रातले पाणी. प्रभू येशू ज्या सरोवरावरून चालला, ज्या विहिरीपाशी थकून बसला आणि ज्या यार्देन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला, ते पाणी. त्यांच्या चर्चच्या मंडळीतली बावीस माणसे निघाली होती. बरोबर ऐंशी वर्षांचे एक वृद्ध पाळकसाहेब होते. लहानपणी मास्तरांना शास्त्र त्यांनीच शिकवले होते, त्यामुळे पासष्टीचे मास्तर त्यांच्यापुढे अजूनही विद्यार्थीच होते.

दीनाबाईंचे मागणे एकच होते. यात्रेचे ठरले त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगून टाकले होते, "बाकी काही दिसलं नाही तरी चालेल मला. यार्देनेत एकदा उभं राहायचंय." सात वर्षांच्या असताना नाताळच्या नाटकात, जमिनीवर निळे लुगडे अंथरून केलेली यार्देन त्या ओलांडून गेल्या होत्या. खरी नदी तेव्हापासून मनात बसली होती. आता उजवा गुडघा पार कामातून गेला होता आणि पुन्हा एवढ्या लांब येणे व्हायचे नाही, हे त्या जाणून होत्या.

मास्तरांचा उत्साह मात्र तरण्यांना लाजवणारा. बस थांबली की पहिले तेच उतरत. एका हातात टिपणांची वही, दुसऱ्या हातात बाटली. ज्याच्या पाण्याने डोळे धुऊन आंधळ्याला दृष्टी आली, त्या शिलोहाच्या तळ्याशी पायऱ्या दिसताच ते म्हणाले, "तू बस इथंच. गुडघ्याला त्रास नको. मी आणतो." खाली जाऊन त्यांनी टिपण मोठ्याने वाचले, बाटली भरली, धापा टाकत वर आले आणि ओल्या बोटांनी पत्नीचे डोळे पुसले. "झालं बघ तुझं शिलोह!"

याकोबाच्या विहिरीलाही तसेच झाले, गालील सरोवरालाही तसेच. सोबतच्या बायका कौतुकाने म्हणत, "दीनाबाई, असा नवरा मिळायला भाग्य लागतं हो." दीनाबाई हसत. भाग्य होतेच, त्यात खोटे काही नव्हते. पण दर वेळी बाकावर बसून, इतरांच्या चपला आणि पिशव्या राखताना त्यांचे मन खट्टू होई. इतक्या मायेने पाणी आणून देणाऱ्या माणसाची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? हा प्रश्न अवघड आहे. पुष्कळ घरांत तो आयुष्यभर न विचारताच राहतो.

शेवटच्या दिवशी यार्देन आली. पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या, कडेला लोखंडी कठडा होता. मास्तरांनी सवयीने पत्नीला झाडाखालच्या बाकावर बसवले. पाळकसाहेब शेजारीच काठी टेकून बसले होते. थोड्या वेळाने मास्तर भरलेली बाटली घेऊन वर आले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"दीना, हात पुढं कर. ही घे तुझी यार्देन."

दीनाबाईंनी हात पुढे केला. तेवढ्यात पाळकसाहेबांनी मास्तरांच्या हातून बाटली काढून घेतली आणि शांतपणे झाडाच्या मुळाशी रिकामी केली.

मास्तरांचा चेहरा लाल झाला. जन्मात प्रथमच त्यांनी गुरूंवर आवाज चढवला. "पाळकसाहेब, हे काय केलंत? ते पाणी तिच्यासाठी होतं!"

"तिच्यासाठी होतं म्हणूनच ओतलं," पाळकसाहेब म्हणाले. "बस इथं, शांतवन. परवा बेथेस्दाच्या तळ्यावर तू काय वाचून दाखवलंस?"

मास्तर धुसफुसतच म्हणाले, "अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाची गोष्ट. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा व्हायचा, आणि याला उतरता येत नव्हतं."

"बरोबर. आता विचार कर. अडतीस वर्षांत त्याला कोणी तांब्याभर पाणी आणून दिलं नसेल का? दिलं असेल. दया येणारी माणसं सगळीकडं असतात. पण येशूपुढं त्यानं रडगाणं गायलं ते पाणी मिळत नाही म्हणून नाही. मला धरून खाली नेणारं कोणी नाही, एवढंच त्याचं दुःख होतं. आणून देणं सोपं असतं बाळा, आपण आपल्या चालीनं जाऊन येतो. बरोबर न्यायचं तर दुसऱ्याच्या चालीनं चालावं लागतं."

"पण तिचा गुडघा..."

"तिला विचारलंस?"

मास्तरांनी पत्नीकडे पाहिले. दीनाबाईंचे डोळे भरून आले होते. "मला खाली जायचंय हो," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून जायचं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या प्रेमानं बाटली पुढं करत होता. काय बोलू?"

मास्तरांनी वही बाकावर ठेवली आणि पत्नीपुढे खांदा केला.

एक हात कठड्यावर आणि एक मास्तरांच्या खांद्यावर. आधी दुखरा पाय खाली, मग दुसरा, मग थोडी विश्रांती. चौथ्या पायरीवर दीनाबाई कळवळल्या. मास्तर म्हणाले, "परत फिरायचं?" त्या म्हणाल्या, "फिरून बघा तर खरं!" मागे बाप्तिस्म्याचे पांढरे झगे घातलेल्या परदेशी यात्रेकरूंची रांग खोळंबली. आयुष्यात कोणाला पुढे जाऊ न दिलेल्या मास्तरांनी त्या सगळ्यांना हात करून पुढे जाऊ दिले.

अखेर पाय पाण्याला लागले. इवलेसे मासे पावलांपाशी जमले आणि दीनाबाई मुलीसारख्या किंचाळून हसल्या. "अगं बाई! अहो, किती गार आहे हे! एवढं पाणी आणलंत, गार असतं म्हणून एकदा तरी सांगायचं!"

मास्तर खाली पाहत हळूच म्हणाले, "मलाही आत्ताच कळतंय गं."

वर बसच्या गाईडने घड्याळ पाहिले आणि तो पाळकसाहेबांकडे आला. "साहेब, उशीर होतोय. त्या आजींचं ठीक आहे, पण मास्तर तर मघाशीच जाऊन आले ना?"

"नाही," पाळकसाहेब म्हणाले. "दोघंही पहिल्यांदाच उतरलीत. थांबू दे त्यांना."