अप्पांची किल्ली

एका शहराच्या टोकाला बावीस-बावीस मजल्यांच्या चार इमारती उभ्या होत्या. उंची तीच, खिडक्या त्याच, दारंही तीच. फरक एवढाच, की प्रत्येकीवर तळापासून गच्चीपर्यंत एक रुंद रंगीत पट्टा होता. एकीला तांबडा, एकीला पिवळा, एकीला हिरवा, एकीला निळा.

त्या सोसायटीचे अध्यक्ष होते भालचंद्र खानविलकर. माणूस कामाचा, पण चारचौघांत उठून दिसायची भारी हौस. समोर एक नवा राखाडी टॉवर उभा राहिला आणि खानविलकरांची झोप उडाली. आपले पट्टे त्यांना बालवाडीच्या भिंतीसारखे दिसू लागले. सभेत त्यांनी रंगाचं तळहाताएवढं कार्ड फिरवलं. "चारही इमारती राखाडी. हमरस्त्यावरून जाणारा बघत राहिला पाहिजे!" हात वर झाले, ठराव पास झाला.

काम सोपान मिस्त्रींना मिळालं. तीस वर्षं उंच भिंतींना लटकून रंग दिलेला माणूस. ते म्हणाले, "साहेब, दारापाशी तरी पट्टा राहू द्या. झुल्यावरून खाली उतरलो की मलाच कळणार नाही, डबा कुठल्या इमारतीत ठेवलाय. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?"

"दारावर ए, बी, सी, डी लिहिलंय की!" खानविलकर हसले. "वाचता येतं सगळ्यांना."

मिस्त्रींनी झुले बांधले. दोन महिन्यांत चारही इमारती राखाडी झाल्या.

खानविलकरांचे वडील, अप्पा, ब्याऐंशी वर्षांचे. हल्ली त्यांना वार आठवत नसे, नातवंडांची नावं आठवत नसत. घर मात्र पाठ होतं: तांबडा पट्टा, लिफ्टमध्ये चौदा, डावीकडचं दार. रोज चारला ते आवारातल्या बागेत जात आणि पाचला परत येत. रंगकाम चालू असताना सून सोबत जाई. काम संपलं आणि त्यानंतर पहिल्यांदाच ते एकटे निघाले.

साडेपाच झाले, अप्पा आले नाहीत. सहा झाले. सुनेने रडतच नवऱ्याला फोन केला. वॉचमन शपथ घेऊन सांगत होता, "अप्पा गेटाबाहेर गेलेच नाहीत." मग गेले कुठे? लोकांनी बाग पाहिली, तळघरातलं पार्किंग पाहिलं, पोहण्याचा तलाव पाहिला. तलावात खानविलकर स्वतः वाकून डोकावले. कोणीतरी "गच्ची..." म्हणालं आणि पुढे बोललंच नाही. खानविलकरांना वर बघवेना, खालीही बघवेना.

पोलिसांना द्यायला अप्पांचा फोटो हवा होता. तो आणायला खानविलकर धावत इमारतीत शिरले. चौदाव्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि पाहतात तो डावीकडच्या दाराशी अप्पा! फरशीवर, पाय पोटाशी घेऊन, मुठीत किल्ली धरून बसलेले.

खानविलकरांचा जीव भांड्यात पडला. "अप्पा! अहो, इथेच होतात? बेल तरी वाजवायची!"

खानविलकरांनी आपली किल्ली कुलपात घातली. ती फिरेना. काढून परत घातली. तरी फिरेना. मग त्यांची नजर दारावरच्या पाटीवर गेली. नाव परक्याचं होतं. वाचता येणारे अध्यक्ष स्वतःच भलत्या इमारतीत आले होते.

तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, "माझीही लागली नाही रे. वाटलं, तू कुलूप बदललंस. माझा त्रास होत असेल तुम्हाला. म्हणून नाही वाजवली बेल."

खानविलकर तिथेच खाली बसले. अप्पांचा हात धरून ते लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान मिस्त्रींना बोलावणं गेलं. "मिस्त्री, पट्टे पुन्हा रंगवायचे आहेत. सभेपुढे मी माझी चूक कबूल करतो."

"तांबडा कुठला घेऊ, साहेब? कार्ड आणू?"

"कार्ड नको. अप्पांना विचारा."

मिस्त्रींनी दाराजवळ तांबड्याचे चार नमुने लावले. अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे आपलं घर."

तात्पर्य: घराचा रंग रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी निवडू नये, संध्याकाळी त्या घराकडे परतणाऱ्या आपल्या माणसासाठी निवडावा.